लाल परी, पण जरा खाली वाका!

कॉर्व्हेट म्हणजे नुसता रुबाब! डेट्रॉइटजवळ राहणारा माझा मावसभाऊ १९६५ची स्टिंग रे कन्व्हर्टिबल बघायला निघाला, तेव्हा मीही गाडीत चढले. गॅरेजचं दार वर गेलं आणि आम्ही दोघंही खल्लास! लाल रंग, छत खाली, चारही चाकांना डिस्क ब्रेक (ते त्याच वर्षी आले). दादा चेकबुक काढायच्याच बेतात.

मी थोडा गृहपाठ केला होता. म्हटलं, "दादा, आधी खाली वाकून बघ." १९५३च्या पहिल्या ३०० गाड्यांपासून कॉर्व्हेटची बॉडी फायबरग्लासची. ती गंजत नाही, त्यामुळे साठी उलटली तरी चकाचक. पण खालची फ्रेम पोलादाची, आणि मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात! टॉर्च मारला, तर मागच्या चाकाजवळ फ्रेमचे पोपडे सुटलेले.

मग इंजिन. त्यावर ठोकलेला नंबर गाडीच्या नंबराशी जुळला, तरच 'मॅचिंग नंबर्स'चा चढा भाव. इथे जुळेना. जाहिरातीत मात्र 'ओरिजिनल'! विकणाऱ्या आजोबांनाही हे ठाऊक नसावं, असं मला वाटलं. दादाला नाही वाटलं.

परतताना तो गप्पच. सिग्नलला म्हणाला, "छत काय मस्त होतं गं पण!"