चाकातली काळी माती

परतीच्या पावसात मंगळवेढ्याकडच्या शेतरस्त्यावर गाडी घातली, दोन दिवसांनी तीच घेऊन पुण्याच्या हमरस्त्याला लागलो आणि ऐंशीच्या पुढं स्टेअरिंग थरथरू लागलं. सोलापुरात अनेकांना हा अनुभव आलेला असतो. लगेच कुणीतरी सांगतं, ‘अलाइनमेंट गेलीय.’

ते बहुधा खरं नसतं. अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन. ते बिघडले की गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेनं झिजतो. बॅलन्सिंगचा संबंध वजनाशी आहे. टायर आणि रिम यांचं मिळून वजन चहूबाजूंनी सारखं हवं. ठरावीक वेगालाच थरथर होत असेल, तर आधी तेच तपासावं.

‘एवढ्याशा वजनानं काय होतंय?’ असं म्हणणाऱ्यांनी हिशेब पाहावा. 14 इंची रिमच्या कडेला 30 ग्रॅम जास्त आहेत असं धरू. ताशी 100 किलोमीटरला चाक सेकंदाला 14-15 फेऱ्या घेतं आणि त्या 30 ग्रॅमचा ओढा साधारण साडेचार किलो वजनाइतका होतो. दर फेरीला तेवढा हिसका बेअरिंग, शॉकअप, टायर सोसतात. वेग निम्मा झाला की ओढा पावपट होतो. म्हणून शहरात सात रस्ता, विजापूर वेस फिरताना काही जाणवत नाही आणि गाडी ठीक आहे असं वाटतं.

आता आपल्या मातीकडे येऊ. काळी माती चिकट. रिमला आतून लिंपते आणि वाळून कडक होते. मूठभर ढेकूळही 30 ग्रॅमपेक्षा कितीतरी जड असतं. तेव्हा दुकानात जाण्याआधी चाकं आतून धुवाच. पुष्कळदा तेवढ्यानंच थरथर थांबते. माती तशीच ठेवून बॅलन्सिंग केलं, तर ती गळून पडल्यावर समतोलासाठी रिमला लावलेलं वजनच जास्तीचं ठरतं.

नव्या टायरलाही बॅलन्सिंग लागतं, कारण कुठलाच टायर अगदी समतोल बनत नाही. पंक्चरसाठी टायर रिमवरून उतरवला असेल तरीही लागतं. मागची चाकं वगळू नयेत. त्यांची थरथर स्टेअरिंगऐवजी सीटखाली जाणवते.

एवढं करूनही थरथर राहिली, तर मशीनवर चाक फिरताना रिमची कड डुलते का, ते स्वतः उभं राहून पाहा. खड्ड्यात आपटून वाकलेल्या रिमला वजनं लावून उपयोग नाही. ती सरळ करून घ्यावी लागते, नाहीतर बदलावी लागते.