बृहदीश्वराशेजारचे श्वार्ट्झ चर्च

महाराष्ट्रातून तंजावरला गेलेला माणूस बृहदीश्वराचे देऊळ पाहतो, प्राकाराच्या भिंतीवरचा भोसले घराण्याचा मराठी शिलालेख शोधून काढतो, सरस्वती महाल ग्रंथालयात डोकावतो आणि कुंभकोणमची वाट धरतो. देवळाला लागूनच शिवगंगा तळे आहे. त्या बाजूला, त्याच धाकट्या किल्ल्याच्या आवारात, एक जुने पांढरे चर्च उभे आहे. तिकडे सहसा कोणी फिरकत नाही. वास्तविक तंजावरच्या ज्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये तो शिलालेख कोरवला, त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात हळवा दस्तऐवज या चर्चमध्ये आहे, आणि तो संगमरवराचा आहे.

बुलढाण्याच्या वाचकाला तंजावर दूरचे वाटू नये. सिंदखेड राजाच्या जिजाऊ ज्या भोसले घरात सून म्हणून गेल्या, त्याच घराची दुसरी पाती तिकडे रुजली. शहाजीराजे आणि तुकाबाई यांचे पुत्र व्यंकोजी यांनी १६७५ च्या सुमारास तंजावरची गादी मिळवली. पुढे १८५५ पर्यंत, म्हणजे साताऱ्याचे राज्य खालसा झाल्यावरही काही वर्षे, कावेरीकाठी मराठी दरबार होता, मोडीत कागद लिहिले जात होते.

चर्च बांधले क्रिस्टियान फ्रीडरिश श्वार्ट्झ या जर्मन पाद्र्याने, १७७९ मध्ये. जन्म १७२६ चा, प्रशियातल्या झोनेनबुर्गचा. ते गाव आज पोलंडमध्ये आहे. शिक्षण हाले येथे. पाद्री म्हणून दीक्षा कोपनहेगनला, कारण तमिळ किनाऱ्यावरच्या ज्या ट्रांकेबारला तो निघाला होता ते बंदर डेन्मार्कच्या राजाचे होते. तिथे १७०६ मध्ये झीगेनबाल्ग आणि प्ल्यूटशाऊ हे दोन लूथरपंथीय पाद्री उतरले होते. तमिळ नव्या कराराची छपाईही तिथेच झाली. श्वार्ट्झ १७५० मध्ये आला, तो परत गेलाच नाही. आधी ट्रांकेबार, मग तिरुचिरापल्ली, आणि १७७८ पासून तंजावर. लग्न केले नाही. तमिळ तर हवीच होती. पोर्तुगीज, फारसी, हिंदुस्तानी आणि दरबाराची म्हणून मराठीही तो शिकला.

चर्च उभे राहिले त्याच वर्षी मद्रासच्या इंग्रजांनी त्याला हैदर अलीकडे बोलणी करायला श्रीरंगपट्टणला पाठवले. हैदरचा इंग्रजांवर विश्वास नव्हता, या पाद्र्यावर होता. निघताना हैदरने वाटखर्चाला ३०० रुपये दिले. श्वार्ट्झने ते स्वतःकडे न ठेवता तंजावरच्या अनाथ मुलांच्या शाळेसाठी लावून दिले. बोलणी फसली, युद्ध झालेच. त्या धामधुमीत तंजावरचा मुलूख ओस पडला, कुणबी शेते टाकून पळाले. राजाच्या शब्दावर कोणी परतेना. मिशनच्या कागदांत असे आहे की श्वार्ट्झने हमी घेतली तेव्हा ७,००० माणसे परत आली. मिशनचे कागद आपल्या माणसाचे कौतुक करणारच, तेवढी सूट देऊन हा आकडा वाचावा. पण राजापेक्षा पाद्र्याचा शब्द खरा मानला जात होता, एवढे त्यातून नक्की कळते.

आता गोष्टीचा खरा भाग. तंजावरच्या तुळजाजीराजांना वारस उरला नव्हता. १७८७ मध्ये मृत्यूपूर्वी त्यांनी भोसल्यांच्याच एका शाखेतला नऊ-दहा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला. हेच सरफोजी, जन्म १७७७. मुलाचा सांभाळ श्वार्ट्झने करावा अशी राजाची इच्छा होती. श्वार्ट्झने नम्रपणे नकार दिला आणि राजाचे सावत्रभाऊ अमरसिंग यांच्याकडे कारभार द्यावा असे सुचवले. हा सल्ला चुकीचा ठरला. राजा जाताच अमरसिंगांनी गादीच घेतली. दत्तविधान शास्त्राला धरून नाही असा पंडितांचा निर्णय मिळाला आणि कंपनी सरकारने तो मानला. मुलाला कोंडल्यासारखे ठेवले, शिकवायला कोणी नाही, खोलीत पुरेसा उजेडही नाही.

पुढची सहा वर्षे श्वार्ट्झ या मुलासाठी अर्ज-विनंत्या करत राहिला. १७९३ मध्ये मुलाला आणि राजस्त्रियांना मद्रासला हलवण्यात आले. तिथे गेरिके या दुसऱ्या लूथरपंथीय पाद्र्याने त्याला शिकवले. दत्तकाचा प्रश्न पुन्हा पंडितांपुढे गेला, या वेळी काशी-बंगालपर्यंत, आणि उत्तर उलटे आले. हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे दत्तक वैध आहे, हे कंपनीच्या गळी उतरवण्यात एका लूथरपंथीय पाद्र्याचा हात होता! मुलाला ख्रिस्ती करून घेणे श्वार्ट्झला अवघड नव्हते, मुलगा सर्वस्वी त्याच्या हातात होता. त्याने धर्माच्या चार गोष्टी सांगितल्या असणार, सांगितल्याच. पण सरफोजी अखेरपर्यंत आपल्या धर्मात राहिले, काशीयात्रा करून आले आणि येताना पोथ्यांचा साठा घेऊन आले.

श्वार्ट्झ १३ फेब्रुवारी १७९८ रोजी गेला. सरफोजींना गादी मिळाली त्यानंतर चार महिन्यांनी, जूनमध्ये. अंत्ययात्रेला तरुण सरफोजी आले, देहावर जरीचे वस्त्र घातले, रडले, असे सोबतच्या पाद्र्यांनी लिहून ठेवले आहे. वाटेत गीत म्हणायचे ठरले होते, पण लोकांच्या आक्रोशात ते जमले नाही.

राजा झाल्यावर सरफोजींनी लंडनच्या जॉन फ्लॅक्समनकडून स्मारक घडवून घेतले. फ्लॅक्समन त्या काळातला इंग्लंडचा नामांकित शिल्पकार. चर्चमधला तो संगमरवरी उठाव जवळून पाहावा. म्हातारा पाद्री बिछान्यावर आहे, उशाशी गेरिके, बाजूला शाळेतली मुले. राजा पुढे होऊन मरणाऱ्याचा हात हातात घेतो आहे. हिंदू राजाने ख्रिस्ती धर्मगुरूच्या मरणशय्येपाशी स्वतःला असे उभे करवून घ्यावे, ते चर्चमध्ये लावावे, आणि पलीकडच्या शिवमंदिराच्या भिंतीवर आपली वंशावळही कोरवावी, यात त्यांना काही विसंगत वाटले नाही. थडग्याच्या दगडासाठी त्यांनी इंग्रजीत कविताही रचली. कविता म्हणून ती बेताचीच आहे, पण भाडोत्री कवीची नाही हे लगेच कळते.

लूथरपंथीय चर्च म्हटले की ऑर्गन डोळ्यांपुढे येतो. स्वतः लूथरने सगळ्या मंडळीने एकत्र म्हणायची गीते रचली, आणि बाख हा त्याच परंपरेतला ऑर्गनवादक. तंजावरात मात्र गाण्याने वेगळी वाट धरली. पाश्चात्त्य वाद्ये राजवाड्यात रमली. सरफोजींनी बँड उभारला, युरोपातून स्वरलिपीची पुस्तके मागवली. त्यातला संग्रह सरस्वती महालात आजही आहे. चर्चमध्ये जर्मन चालींवरची तमिळ गीते होतीच, त्यांना कर्नाटक संगीताची जोड दिली श्वार्ट्झच्या हाताखाली वाढलेल्या वेदनायगम शास्त्री या कवीने. हा जवळपास सरफोजींच्याच वयाचा. १८२० च्या दशकात मिशन अँग्लिकन संस्थेकडे गेले. नवे पाद्री आले, त्यांनी रागदारीतल्या गीतांना नाक मुरडले आणि चर्चमधली जातवार बैठकही मोडायला घेतली. शास्त्रींनी दोन्हींना विरोध केला. गाण्याच्या बाबतीत त्यांची बाजू आज पटते, जातीच्या बाबतीत मुळीच नाही. आणि जातवार बैठक श्वार्ट्झने चालू दिली होती, हेही विसरता येत नाही. मिशनशी बिनसलेल्या या ख्रिस्ती कवीला आश्रय मिळाला तो सरफोजींच्या दरबारात.

१८२६ च्या ईस्टरला कलकत्त्याचे बिशप हेबर इथे आले. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी पुण्याच्या सेंट मेरी चर्चचे पवित्रीकरण केले होते. सरफोजींच्या वाचनाने आणि रीतीभातीने ते फार प्रभावित झाले. पुढच्याच आठवड्यात, ३ एप्रिलला, तिरुचिरापल्लीला हौदात स्नान करताना त्यांचा मृत्यू झाला. सरफोजी १८३२ मध्ये गेले. तंजावरचे बरेच जुने लूथरपंथीय पुढे जर्मनीच्या लाइपझिग मिशनकडे वळले. अँग्लिकन झालेली मंडळी १९४७ मध्ये दक्षिण भारत चर्चमध्ये सामील झाली.

बृहदीश्वराचा गाभारा दुपारी बंद होतो, चारच्या सुमारास उघडतो. शिलालेख सकाळच्या उन्हात नीट वाचता येतो, तेव्हा तो आधी उरकावा आणि मधल्या वेळात चर्चकडे वळावे. रविवारची उपासना सोडता दार लोटलेले असू शकते. आवारात कोणी असेल त्याला विचारावे. श्वार्ट्झचे थडगे मात्र इथे नाही, ते किल्ल्याबाहेरच्या सेंट पीटर्स चर्चमध्ये आहे. सरफोजींची कविता वाचायची तर तिकडे रिक्षा करावी लागते.