पाटी पडद्यावर, दोरी कोणाच्या हाती?

सिनेमागृहातले दिवे मालवले की आधी तंबाखूचा इशारा येतो आणि मग एक पाटी झळकते. या चित्रपटाच्या चित्रीकरणात कोणत्याही प्राण्यास इजा करण्यात आलेली नाही, असे तीत लिहिलेले असते. नौपाड्याच्या मल्हार टॉकीजमध्ये आम्ही कैक सिनेमे पाहिले, पण ती पाटी कोणी मन लावून वाचताना पाहिले नाही. त्या वेळी लोक खुर्चीचा नंबर शोधत असतात. आम्ही पेशाने कारकून. प्रमाणपत्र दिसले की ते कोणी दिले, कशाच्या आधारावर दिले आणि सही करणारा जागेवर हजर होता काय, हे पाहण्याची आम्हाला खोडच लागली आहे. म्हणून या पाटीमागची फाईल उघडून पाहावी असे ठरविले.

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. त्याखाली १९६२ साली प्राणी कल्याण मंडळ स्थापन झाले. नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल त्याच्या पहिल्या अध्यक्षा. खेळ करणाऱ्या जनावरांच्या नोंदणीचे सविस्तर नियम मात्र २००१ साली आले आणि त्यांत सिनेमाचा स्पष्ट उल्लेख झाला. जनावर सिनेमासाठी द्यावयाचे तर आधी कळवावे लागते. कोणते जनावर, वय किती, प्रकृती कशी, काम काय करणार, किती वेळ करणार, ते कसे शिकविले, आणि मुळात या सिनेमात त्या जनावराची गरज काय, हे सारे लिहून द्यायचे. सोबत पशुवैद्याचा दाखला जोडायचा. सेन्सॉर बोर्ड या मंडळाचे ना-हरकत पत्र पाहिल्याशिवाय पुढे जात नाही. मंडळाची कचेरी पूर्वी चेन्नईला होती, आता हरियाणात बल्लभगडला आहे.

नियम वाचण्यासारखे आहेत. जनावराने काम करावे म्हणून त्याचे दाणापाणी तोडायचे नाही. त्याला आगीजवळ न्यायचे नाही, जवळपास मुद्दाम मोठा आवाज करायचा नाही. गुळगुळीत फरशीवर घसरू नये म्हणून चटई हवी. गुंगीचे औषध देऊन शांत ठेवायचे नाही. झुंजी लावायच्या नाहीत. मासा पाण्याबाहेर काढायचा नाही. सापाला काही गिळायला लावायचे नाही आणि डांबरी किंवा तापलेल्या जमिनीवरून सरपटायला लावायचे नाही. एकेका नियमामागे कोण्या मुक्या जिवाचे हाल असणार. जी गोष्ट कधी घडलीच नाही, तिच्यासाठी सरकार नियम करीत नाही, हे आम्ही नोकरीत शिकलो आहोत.

आपल्याकडे सिनेमा आणि जनावर यांची सोबत जुनी आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये कृष्ण केला तो आपल्या मुलीला, मंदाकिनीला. त्यातला कालिया मात्र बनविलेला होता. कोल्हापूरच्या प्रभातने १९३२ साली ‘माया मच्छिंद्र’ काढला, त्यात राणी झालेल्या दुर्गा खोटे यांच्याजवळ खराखुरा चित्ता होता. तिकडे अमेरिकेत १९३६ सालच्या एका युद्धपटात धावत्या घोड्यांना पाडण्यासाठी तारा लावल्या आणि बरेच घोडे मेले. १९३९ च्या ‘जेसी जेम्स’मध्ये घोडा कड्यावरून पाण्यात लोटला गेला. तो मेल्यावर बोभाटा झाला आणि तिथल्या प्राणीदया संस्थेला सेटवर देखरेखीला बसण्याचा अधिकार मिळाला. आपल्याकडे त्यासाठी पुढे साठेक वर्षे जावी लागली.

आपल्या सरकारने १९९८ च्या अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या आणि सिंह यांना खेळात वापरण्यास बंदी घातली. सर्कसवाले सर्वोच्च न्यायालयात गेले, २००१ मध्ये हरले. २०११ साली त्या यादीत बैल-वळूही आला. उमेश कुलकर्णींचा ‘वळू’ त्याच्या आधीचा, २००८ चा. अख्खा गाव एका मोकाट वळूच्या मागे लागतो ती हकिगत पुढे तशीच चित्रित करणे अवघड झाले असते.

इथवर फाईल ठीक आहे. पुढचे पान उलटले आणि आम्ही थबकलो. नियमांत जागोजागी शब्द आहेत, मालकाने काळजी घ्यावी, मालकाने खात्री करावी. आणि मालक म्हणजे कोण? १९६० च्या कायद्यातली व्याख्या सांगते की, ज्याच्या ताब्यात त्या वेळी जनावर आहे तोही मालकच. म्हणजे ज्याच्या हातात दोरी, त्याच्या डोक्यावर जबाबदारी. सेटवर हुकूम मात्र त्याचा चालत नाही. तो चालतो दिग्दर्शकाचा, आणि त्याहून जास्त घड्याळाचा, कारण सेटचे भाडे तासावर असते.

आमच्या वस्तीतला एक तरुण घोडबंदर रोडकडे मालिकांच्या सेटवर लाईटमनचे काम करतो. त्याने सांगितलेली गोष्ट. ऐतिहासिक प्रसंग होता. घोडा सकाळपासून खोगीर, झूल चढवून उन्हात उभा. सांभाळणाऱ्याने दोनदा विचारले, साहेब, पाणी दाखवून आणू का? उत्तर आले, झूल ओली होईल, शॉट झाल्यावर. तिसऱ्यांदा त्याने विचारले नाही. आमच्या तरुणाने विचारले, काका, गप्प का बसलात? तो म्हणाला, “जास्त बोललो तर उद्या दुसऱ्याचा घोडा येईल.” त्या दिवशी घोड्याला काही झाले नाही. झाले असते तर गुन्हा कोणावर नोंदला गेला असता, हे वर सांगितलेल्या व्याख्येवरून वाचकांनीच ताडावे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये हैदराबादजवळ ‘पोन्नियिन सेल्वन’ या तमिळ चित्रपटाच्या चित्रीकरणात एक घोडा मेला, तेव्हा निर्मिती संस्थेबरोबर घोड्याच्या मालकाचेही नाव फिर्यादीत आले.

आणि दोरी धरणारे हात पूर्वापार कोणाचे? दरवेशी, मदारी, गारुडी, नंदीवाले, डोंबारी. गावकुसाबाहेर पालात राहणारे, वर्षभर फिरणारे आपलेच बांधव. अस्वलाच्या नाकातली वेसण निघाली ते चांगलेच झाले, तिचे समर्थन आम्ही कदापि करणार नाही. आग्र्याजवळ अस्वलांसाठी आश्रयस्थान उभे राहिले, तिकडच्या काही कलंदर कुटुंबांना धंद्यासाठी मदतही मिळाली. आपल्याकडच्या दरवेशाच्या पोराला काय मिळाले? बाळकृष्ण रेणके यांच्या आयोगाने भटक्या-विमुक्तांविषयीचा अहवाल २००८ सालीच दिला आहे. सरकार दरबारी त्याचे काय झाले, हे पालावर जाऊन विचारावे.

नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ २०१४ च्या फेब्रुवारीत पडद्यावर आला. कैकाडी बोलीत फँड्री म्हणजे डुक्कर. जब्याचे कुटुंब डुकरामागे धावते, गाव कठड्यावर बसून हसते, मध्येच शाळेत राष्ट्रगीत सुरू होते आणि सगळे जागच्या जागी उभे राहतात. डुक्कर तेवढे निसटते. जनावराला पकडायला लावलेला माणूस आणि पकडले जाणारे जनावर, दोघांकडे एकाच नजरेने पाहणारा गाव त्या प्रसंगात दिसतो. हा सिनेमा मुलांना दाखवावा, आणि दाखवल्यावर घरात त्यावर बोलावे.

कोणी म्हणेल, आता संगणक आहे, खऱ्या जनावराची गरजच काय? खरे आहे. ‘आरआरआर’मधला वाघ संगणकाचाच. परंतु ‘लाईफ ऑफ पाय’चेही (२०१२) तेच सांगितले जात होते. २०१३ साली ‘हॉलीवूड रिपोर्टर’ने एक ईमेल छापली. त्यात देखरेखीसाठी नेमलेल्या बाईंनीच लिहिले होते की, खरा वाघ पाण्याच्या टाकीत बुडता बुडता वाचला आणि ही गोष्ट बाहेर सांगू नका. संगणक आला तरी सेटवर खरे जनावर होतेच, आणि पाहणारे माणूसही होते. ते बोलले नाही, एवढेच.

म्हणून आमची मागणी जनावरापुरती नाही. ज्याच्या हाती दोरी आहे त्याला, आता थांबा, असे म्हणण्याचा लेखी अधिकार हवा. त्याच्या कराराची प्रत अर्जाला जोडली जावी, मजुरी त्यात लिहिलेली असावी, आणि जनावराच्या विश्रांतीचा वेळ त्याच्या हजेरीत धरावा. अर्ज मराठीत भरता यावा. पशुवैद्य सकाळी सही करून निघून न जाता शेवटच्या शॉटपर्यंत बसावा.

दंडाचेही बघा. साध्या क्रूरतेला पहिल्या गुन्ह्यासाठी १९६० साली ठरलेला दंड १० ते ५० रुपये. खेळ करणाऱ्या जनावरांविषयीच्या कायद्यातल्या तरतुदींचा भंग केला तर ५०० रुपयांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. जनावर मारले वा पंगू केले तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे.

आपली मुले सेटवर लाईट, ट्रॉली, चहा, रंगभूषा अशी कामे करतात. त्यांनी असे काही पाहिले तर तारीख, वेळ, जागा आणि जनावराचे वर्णन वहीत टिपून ठेवावे. मग ११२ वर फोन करावा किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देऊन तिची पोच घ्यावी. तक्रारीत सांभाळणाऱ्याने किती वेळा पाणी मागितले, तेही लिहावे.