काका, वाचताय ना?

दिवाळीला जळकोटला गेलो. काकांना पार ऐकू येत नाही, त्यामुळे गप्पा नेहमी काकूंमार्फत! यंदा मोबाईलवर 'लाइव्ह ट्रान्स्क्राइब' लावलं. आपण बोलायचं, स्क्रीनवर अक्षरं उमटतात. चक्क मराठीत! गूगलमधले संशोधक दिमित्री कानेव्स्की लहानपणापासून कर्णबधिर. अमेरिकेतल्या गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या विद्यापीठाला सोबत घेऊन गूगलनं हे २०१९ मध्ये आणलं, ७०हून जास्त भाषा-बोलींत. अर्थात वाचता यायला हवं. ज्यांची भाषाच खुणांची, त्यांचं यावर भागत नाही.

काका चष्मा सावरत वाचत होते. मी आपला पगार, फ्लॅट, ट्रॅफिक... त्यांनी मध्येच हात धरला.

"दादा गेला तवा मी उशाशीच होतो. शेवटी काय म्हणला रं त्यो?"

मी फोन तोंडाजवळ घेतला.