विद्युत एकचाकी : पहिली निवड आणि सुरक्षितता

सायकल आणि स्कूटर यांच्या पंक्तीत अलीकडच्या काळात एका आगळ्या वाहनाची भर पडली आहे. त्यास एकच चाक असते. बसावयास बैठक नसते की धरावयास हँडल नसते. चाकाच्या दोन्ही बाजूंच्या पेडलांवर उभे राहून ते चालवावयाचे असते. शेन चेन या अमेरिकेतील संशोधकाने २०१० नंतरच्या काळात हे वाहन लोकप्रिय केले. ते प्रथमच घेऊ इच्छिणाऱ्याने त्याचे तंत्र आणि त्यातील धोका आधी समजून घेणे अगत्याचे आहे.

तोल कसा राहतो?

या वाहनाची मोटार चाकाच्या मध्यभागी असते. बॅटरी व नियंत्रक यंत्रणा बाहेरील कवचात बसविलेली असते. चालक पुढे झुकला की संवेदक तो कल टिपतात, मोटार चाकास वेग देते आणि चाक पुन्हा चालकाच्या खाली येते. मागे झुकल्यास वेग कमी होतो. डाव्या-उजव्या बाजूचा तोल मात्र सायकलप्रमाणे चालकासच सांभाळावा लागतो.

स्कूटरची मोटार बंद पडली तर स्कूटर हळूहळू थांबते. एकचाकीची शक्ती अपुरी पडली तर चालक तत्क्षणी पुढे कोसळतो. कारण येथे मोटार केवळ धावण्यासाठी नसून उभे राहण्यासाठीही असते. वेग, चढ, खड्डा आणि चालकाचे वजन यांमुळे मोटारीवरील भार वाढतो, तर बॅटरी उतरत गेली म्हणजे उपलब्ध शक्ती घटते. मर्यादा जवळ येताच यंत्र आवाज करते किंवा पेडलांची पुढील बाजू वर उचलते. हा इशारा मिळताच वेग कमी केला पाहिजे.

निवडीचे निकष

जाहिरातीत कमाल वेगास अग्रस्थान असते. नवशिक्याने त्याऐवजी शिलकी शक्तीकडे पाहावे. ताशी २० किलोमीटर वेगाने जावयाचे असेल, तर त्याहून बऱ्याच अधिक क्षमतेचे यंत्र घ्यावे व ती जादा क्षमता राखीव ठेवावी. वजनदार चालकास हे विशेषत्वाने लागू आहे.

१६ इंची चाक आरंभासाठी सोयीचे ठरते. लहान चाक खड्ड्यात लवकर अडते. मोठ्या चाकाची यंत्रे ३० किलोग्रॅमहून जड असू शकतात आणि जिना चढताना त्रासदायक होतात. ५०० वॅट-तासांची बॅटरी सामान्यतः २० ते ३० किलोमीटर पुरते. विद्युत सुरक्षेचे ‘यूएल २२७२’ प्रमाणपत्र, पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा आणि दुरुस्तीची सोय यांचीही चौकशी करावी. जुने यंत्र घेताना बॅटरीची स्थिती तपासावी. बॅटरी मूळ चार्जरनेच आणि कोणी जागे असतानाच भारित करावी.

संरक्षक साधने

ताशी २५ किलोमीटर हा वेग किरकोळ वाटतो. परंतु त्या वेगाने होणारी धडक सुमारे अडीच मीटर उंचीवरून पडण्याइतकी असते. म्हणून साधनांचा खर्च यंत्राच्या किमतीतच धरावा. पैसे अपुरे असल्यास यंत्र लहान घ्यावे, साधने वगळू नयेत.

पडताना मनुष्य स्वाभाविकपणे हात पुढे करतो. त्यामुळे तळहातावर कठीण पट्टी असलेले मनगटरक्षक प्रथम हवेत. हात जमिनीवर घसरतो आणि मनगटावरील आघात कमी होतो. तोंडावर आपटण्याचा संभव असल्याने हनुवटी झाकणारे, भारतीय मानक ४१५१ नुसार आयएसआय चिन्ह असलेले हेल्मेट घ्यावे. गुडघे व कोपरे यांचे रक्षक आणि घोटा झाकणारे बूट हेही आवश्यक आहेत.

सराव आणि कायदा

सराव मोकळ्या, सपाट, खासगी आवारात करावा. प्रथम भिंतीचा किंवा कठड्याचा आधार घ्यावा, नजर पायांकडे न ठेवता समोर ठेवावी. रोज अर्धा तास असा सराव काही दिवस केल्यास तोल साधू लागतो. आत्मविश्वास येताच वेग वाढविण्याचा मोह होतो, तो टाळावा.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये नोंदणीविना मोटार वाहन सार्वजनिक ठिकाणी चालविता येत नाही. २५० वॅटपेक्षा कमी शक्तीच्या, ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या आणि अन्य अटी पूर्ण करून अधिकृत चाचणी संस्थेने प्रमाणित केलेल्या वाहनांस केंद्रीय नियमांत सूट आहे. बहुतेक एकचाकींच्या मोटारी याहून शक्तिशाली असतात. फ्रान्सने २०१९ मध्ये ताशी २५ किलोमीटरच्या मर्यादेत अशा वाहनांस नियमांच्या चौकटीत आणले. खरेदीपूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात विचारणा करणे हिताचे.

या वाहनावर चालकाचा तोल बॅटरीतील शिलकीवर अवलंबून असतो. ती शिल्लक राखून जो चालवील, त्यालाच त्याचा आनंद निर्धास्तपणे घेता येईल.