जागा बदलली, खेळ राहिला

वर्षानुवर्षे कमावलेले कौशल्य एखाद्या अपघाताने निरुपयोगी ठरावे, हा अनुभव कोणत्याही क्षेत्रात येऊ शकतो. हाताला कंप सुटलेला कारागीर, आवाज बसलेला गायक, दृष्टी मंदावलेला जवाहिऱ्या या सर्वांपुढे एकच प्रश्न उभा राहतो. गेले त्यासाठी झुरत बसावे, की उरले आहे त्याचा हिशेब मांडून पुन्हा आरंभ करावा? अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठाचा फुटबॉलपटू ब्रॅक्स्टन मिलर याच्यापुढे हा प्रश्न तो अवघा एकवीस वर्षांचा असताना येऊन ठाकला. त्याने दिलेले उत्तर आणि त्या उत्तराचे पुढे जे झाले ते, दोन्ही विचार करण्याजोगे आहे.

अमेरिकेत ज्या खेळाला फुटबॉल म्हणतात तो आपल्या परिचयाच्या फुटबॉलहून अगदी वेगळा आहे. चेंडू लंबगोल असतो. तो हातात धरून पळवतात किंवा दूर फेकतात. शंभर यार्ड लांबीच्या मैदानावर प्रत्येक संघाचे अकरा खेळाडू शिरस्त्राण घालून उतरतात आणि एकमेकांना अंगाने अडवतात, खाली पाडतात. आक्रमण करणाऱ्या संघाचा सूत्रधार म्हणजे क्वार्टरबॅक. चालीच्या आरंभी चेंडू त्याच्या हाती येतो. समोरच्या संघाची रचना न्याहाळून तो फेकावा, दुसऱ्याकडे सोपवावा की स्वतःच घेऊन पळावे, हे त्याला काही क्षणांत ठरवावे लागते. पेढीच्या गादीवर बसणाऱ्या कर्त्या माणसासारखे हे स्थान आहे. यशाचे श्रेय प्रथम त्याला मिळते आणि अपयशाचा दोषही प्रथम त्याच्याच माथी येतो.

वाइड रिसीव्हर या खेळाडूचे काम निराळे. ठरलेल्या मार्गाने वेगाने धावायचे, अंगावर येणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला चकवायचे आणि आलेला चेंडू झेलायचा. चेंडू आपल्याकडे येईल की नाही हे त्याच्या हाती नसते. कित्येक चालींत त्याला केवळ दुसऱ्यासाठी वाट मोकळी करून द्यावी लागते.

मिलरचा जन्म १९९२ साली ओहायो राज्यातच झाला. २०११ मध्ये तो ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संघात आला. कोलंबस नगरीतील या विद्यापीठाच्या क्रीडांगणात एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात, यावरून तेथे या खेळाचे महत्त्व ध्यानात यावे. पहिल्याच वर्षी तो क्वार्टरबॅक झाला. २०१२ मध्ये नवे प्रशिक्षक अर्बन मायर यांच्या हाताखाली संघाने बाराही सामने जिंकले; परंतु पूर्वीच्या नियमभंगाबद्दलच्या शिक्षेमुळे त्या वर्षी संघाला अंतिम स्पर्धांत खेळता आले नाही. २०१२ आणि २०१३ अशी लागोपाठ दोन वर्षे बिग टेन या विद्यापीठसमूहाने मिलरला आक्रमणातील सर्वोत्तम खेळाडू ठरवले. शेवटच्या वर्षी तो देशातील सर्वोच्च वैयक्तिक सन्मान, म्हणजे हाइझमन करंडक, जिंकू शकेल अशी चर्चा होती.

खांद्याचा घात

जानेवारी २०१४ मधील ऑरेंज बोल सामन्यात संघ क्लेमसन विद्यापीठाकडून ३५–४० असा हरला आणि मिलरच्या उजव्या खांद्याला दुखापत झाली. हाच त्याचा चेंडू फेकण्याचा हात. फेब्रुवारीत शस्त्रक्रिया झाली. ऑगस्टमध्ये, हंगाम सुरू होण्यास थोडेच दिवस उरले असता, सरावात चेंडू फेकताना तोच खांदा पुन्हा दुखावला. या वेळी खांद्याच्या खोबणीभोवतीची कूर्चा फाटली होती.

खांद्याचा सांधा शरीरातील सर्वांत मोकळा सांधा होय. दंडाच्या हाडाचा गोल माथा उथळ खोबणीत बसलेला असतो. खोबणीच्या कडेने असलेले कूर्चेचे कडे तिला खोली देते आणि हाड जागेवर ठेवण्यास साहाय्य करते. हात डोक्यामागे नेऊन जोराने फेकताना या कड्यावर मोठा ताण येतो. ते शिवून जोडले तरी पूर्वीचे बळ आणि नेम परत येण्यास दीर्घ काळ लागतो. कित्येकांना तो नेम पुन्हा गवसतच नाही. ज्याची सारी प्रतिष्ठा फेकण्यावर उभी आहे, त्याच्यावर यापरता मोठा आघात कोणता?

त्याच्याविना मिळालेले विजेतेपद

मिलरच्या जागी जे. टी. बॅरेट हा नवखा तरुण उभा राहिला. दुसराच सामना संघ हरला. पुढे मात्र बॅरेटने विजयांची मालिका उभी केली. नोव्हेंबरच्या अखेरीस मिशिगनविरुद्ध बॅरेटचा घोटा मोडला. तेव्हा तिसऱ्या क्रमांकाचा कार्डेल जोन्स पुढे आला. त्याने विस्कॉन्सिनविरुद्ध ५९–०, अलाबामाविरुद्ध ४२–३५ आणि १२ जानेवारी २०१५ रोजी अंतिम सामन्यात ओरेगनविरुद्ध ४२–२० असे तीन विजय संघाला मिळवून दिले. राष्ट्रीय विजेतेपद घरी आले, तेही मिलरने एक चेंडूही न फेकता.

संघाचा हा आनंदाचा दिवस होता. परंतु ज्याच्या नावाने संघ ओळखला जात होता, त्याला कडेला उभे राहून एक कठोर सत्य पाहावे लागले. आपल्यावाचून काम अडले नाही. घर असो वा दुकान, कर्त्या माणसाला हे सत्य पचवणे दुखापतीच्या वेदनेहूनही जड जाते.

तीन वाटा

२०१५ च्या उन्हाळ्यात एकाच संघात तीन सिद्ध क्वार्टरबॅक झाले. मिलरपुढे तीन वाटा होत्या. पहिली, जुन्या जागेसाठी झगडण्याची. पण खांदा पूर्ववत झालेला नव्हता. दुसरी, अन्य विद्यापीठात जाण्याची. पदवी पूर्ण केलेल्या खेळाडूस दुसऱ्या विद्यापीठात जाऊन तत्काळ खेळण्याची मुभा होती आणि मिलर जाणार अशा वार्ता महिनोन्महिने छापून येत होत्या. तिसरी वाट जागाच बदलण्याची.

या निवडीमागे उपजीविकेचाही प्रश्न होता. त्या काळी महाविद्यालयीन खेळाडूंना शिष्यवृत्तीखेरीज वेतन मिळत नसे. स्वतःच्या नावावर व प्रसिद्धीवर अर्थार्जन करण्याची मोकळीक त्यांना २०२१ च्या जुलैत मिळाली. कमाईची वाट व्यावसायिक संघांतून जात होती आणि तेथील निवडीपूर्वी मिलरच्या हाती केवळ एक हंगाम होता. दुखऱ्या हाताने जुना नावलौकिक पणाला लावावा, की शाबूत पायांच्या वेगावर नवा डाव मांडावा?

जुलै २०१५ मध्ये त्याने तिसरी वाट स्वीकारल्याचे जाहीर केले. त्याच विद्यापीठात, त्याच सहकाऱ्यांत तो चेंडू झेलणारा म्हणून राहणार होता. काल आपल्याहून कनिष्ठ असलेले तरुण आता चेंडू फेकणार आणि आपण त्यांच्या इशाऱ्यावर धावणार, ही गोष्ट त्याने मान्य केली. धावण्याचे मार्ग, पावलांची मोजणी, हातांची ठेवण हे सारे पहिल्या इयत्तेपासून शिकणे आले. एक लाभ मात्र होता. क्वार्टरबॅकच्या मनात काय चालते हे तो स्वानुभवाने जाणत होता; जुनी विद्या नव्या कामात अगदीच वाया गेली नाही.

७ सप्टेंबर २०१५ रोजी व्हर्जिनिया टेकविरुद्ध त्याची परीक्षा झाली. मागील वर्षी त्याच्या संघाला हरवणारा एकमेव संघ हाच. मध्यंतरास ओहायो स्टेट १४–१७ असे मागे होते. उत्तरार्धात मिलरने जोन्सचा चेंडू झेलून ५४ यार्डांची चाल सफल केली. त्यानंतर चेंडू हाती घेऊन तो स्वतः धावला आणि गर्रकन गिरकी घेत प्रतिस्पर्ध्यांना चकवून ५३ यार्ड पार करून गेला. सामना ४२–२४ असा जिंकला. त्या गिरकीचे चित्रण देशभर पुनःपुन्हा दाखवले गेले.

फलिताचा ताळेबंद

कथा येथे संपवली तर ती गोड वाटेल, पण अपुरी राहील. पहिल्या दिवसाचे ते तेज हंगामभर टिकले नाही. चेंडू वाट्याला थोडेच आले. झेलून त्याने वर्षभरात ३४१ यार्ड मिळवले. तरीही २०१६ च्या व्यावसायिक निवडीत ह्यूस्टन टेक्सन्स संघाने त्याला तिसऱ्या फेरीत ८५ व्या क्रमांकावर घेतले. दोन हंगामांत त्याने ३४ झेल घेऊन २६१ यार्ड मिळवले. २०१८ च्या सप्टेंबरात संघाने त्याला मुक्त केले. पुढे इतर संघांच्या सराव पथकांत तो राहिला. परंतु मोठा तारा झाला नाही.

मग त्याचा निर्णय चुकला काय? याचे उत्तर देताना इतर दोघांकडेही पाहिले पाहिजे. विजेतेपद मिळवून देणारा जोन्स त्याच निवडीत चौथ्या फेरीत १३९ व्या क्रमांकावर गेला. बॅरेटने पुढे अनेक विक्रम केले, तरी २०१८ च्या निवडीत त्याला कोणत्याच संघाने घेतले नाही. म्हणजे तिघांपैकी ज्याने गादी सोडली, त्यालाच बाजाराने सर्वांआधी पसंत केले. मिशिगन विद्यापीठाचा डेनार्ड रॉबिन्सन याचेही असेच झाले होते. २०१२ मध्ये कोपराच्या मज्जातंतूला इजा झाल्याने त्याला चेंडू फेकणे अशक्य झाले. तो चेंडू घेऊन धावणारा खेळाडू झाला आणि जॅक्सनव्हिल संघात चार हंगाम खेळला.

निर्णयाची योग्यता केवळ अंतिम फळावरून ठरत नाही. निर्णय घेताना हाती काय होते, काय गेले होते आणि मुदत किती होती, हे पाहून ती ठरते. मिलरने गेलेले भांडवल बुडीत खाती टाकले आणि उरलेल्या भांडवलावर व्यवहार मांडला. नफा बेताचा झाला. पण दुकान उघडे राहिले.

घरातील एखाद्या मुलाची परीक्षा हुकते, प्रकृती साथ सोडते किंवा चालता धंदा बसतो, तेव्हा वडीलधाऱ्यांच्या मनात पुष्कळदा एकच घोष असतो: होते तेच पुन्हा मिळव. तो आग्रह प्रेमापोटीच असतो. तथापि कधी कधी त्या मुलाला विचारण्याजोगा प्रश्न निराळा असतो. गेले ते असो. तुझ्यापाशी अजून काय शिल्लक आहे? मिलरपाशी वेगवान पाय शिल्लक होते, आणि दुसऱ्याच्या हातून आलेला चेंडू झेलण्यात त्याला कमीपणा वाटला नाही.