चापाबाहेरचे बोट

लातूर जिल्ह्यातील चाकूर हे तालुक्याचे गाव देशाच्या सीमेपासून शेकडो किलोमीटर दूर असले, तरी सीमा सुरक्षा दलाचे प्रशिक्षण केंद्र तेथे असल्यामुळे चांदमारी, म्हणजे गोळीबाराच्या सरावाचे मैदान, हा शब्द या परिसराला परका नाही. अशा मैदानावर निशाण्यांमागे मातीचा उंच बांध असतो आणि गोळी त्यात रुतून बसावी, एवढ्यासाठीच तो घातलेला असतो. म्हणून नळीचे तोंड सतत बांधाकडे किंवा जमिनीकडे राहिले पाहिजे, हा तेथील पहिला नियम ठरतो.

हा नियम पाळणे सर्वांत कठीण जाते ते पिस्तूल होल्स्टरमधून, म्हणजे कमरेच्या म्यानातून, बाहेर काढताना. ऑलिंपिक नेमबाजीत हा प्रसंगच येत नाही. राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले, त्याच्या जलद टप्प्यात हात खाली झुकलेला असतो, पण पिस्तूल आधीपासून हातातच असते. सुरक्षा दलांना मात्र शस्त्र कमरेला बाळगावे लागते, त्यामुळे ते काढण्याची क्रिया त्यांना टप्प्याटप्प्याने शिकावी लागते.

पहिल्या टप्प्यात पिस्तूल म्यानात असतानाच त्याची मूठ पक्की धरली जाते, कारण ती पुढे हवेत सावरू गेल्यास शस्त्र निसटण्याचा धोका असतो. याच वेळी दुसरा हात छातीशी ठेवला जातो, जेणेकरून तो नळीसमोर येणार नाही. मग पिस्तूल सरळ वर उचलले जाते, नळी म्यानाबाहेर पूर्ण आल्यावरच ती निशाण्याकडे वळवली जाते आणि त्यानंतर दोन्ही हात एकत्र येऊन पुढे जातात. या सर्व काळात तर्जनी चापाच्या कडीबाहेर, पिस्तुलाच्या अंगाला सरळ टेकलेली असते. निशाणा समोर येऊन गोळी झाडण्याचा निर्णय झाल्यावरच ती चापावर जाते. यामागे शरीराचा स्वभाव आहे: पाय घसरला, दचकायला झाले किंवा एका हाताची मूठ जोरात आवळली गेली, की दुसऱ्या हाताची बोटेही नकळत आवळली जातात आणि चापावर बोट असेल, तर इच्छा नसतानाही गोळी सुटते.

शस्त्राच्या घडणीनुसार दक्षतेचे स्वरूप बदलते. भारतीय दलांत दीर्घकाळ वापरल्या गेलेल्या ९ मिमी ब्राउनिंग पिस्तुलाला अंगठ्याने फिरवायची सेफ्टी, म्हणजे चाप अडवणारी खिट्टी, असते. ग्लॉकसारख्या पिस्तुलाला अशी खिट्टी नसून त्याच्या सुरक्षा-योजना चापात आणि यंत्रणेच्या आत असतात. म्हणून चाप पूर्ण झाकणारे, आकार न सोडणारे कडक म्यान त्याला अत्यावश्यक ठरते, कारण मऊ पडलेल्या चामड्याची घडी बोटाचेच काम करू शकते.

पिस्तूल परत म्यानात ठेवताना धोका अनेकदा अधिक असतो, कारण सदऱ्याचे टोक किंवा जॅकेटची दोरी चापात अडकू शकते आणि गोळीबार संपल्यामुळे मनही सैल झालेले असते. म्हणून बोट बाहेर, सेफ्टी असल्यास लावलेली, म्यानाचे तोंड मोकळे, एवढे पाहूनच पिस्तूल सावकाश आत सरकवायचे आणि मध्येच काही अडल्यासारखे वाटले, तर जोर न लावता ते पुन्हा वर घ्यायचे. काढण्याच्या वेगाला घड्याळ लावता येते, ठेवण्याला ते लावण्याचे काहीच कारण नसते.